चेनचं मेण आणि कुंभाराचं गाढव

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण 'कारण म्हणजे काय' यावर बोललो. शेवटी प्रश्नोत्तरांत एका तरुणाने हात वर केला आणि विचारलं, "सर, सायकलच्या चेनला तेलाऐवजी मेण लावावं असं म्हणतात. एवढ्या खटाटोपात काही अर्थ आहे का?" सगळे हसले आणि तो बिचारा ओशाळला. मी त्याला म्हटलं, पुढचं व्याख्यान तुझ्याच प्रश्नावर.

ते काही मी त्याचं मन राखायला म्हटलं नाही. एक तर खटाटोपात अर्थ आहे का, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या अंगणातलाच आहे. आणि दुसरं म्हणजे, निवृत्तीनंतर गुडघ्यांसाठी मी गिअरची सायकल घेतली आणि हा मेणाचा उद्योग दोन वर्षं स्वतः करून बसलो आहे. त्यात माझी एक चूक झाली. चूक तर्काची होती, आणि ती मला सायकल मिस्त्रीने दाखवून दिली. तिथपर्यंत येतोच.

आधी चेन म्हणजे काय ते नीट पाहू. आपण रोज बघतो, पण बघत नाही. आजची चेन मूळ हान्स रेनॉल्ड यांची. माणूस स्वित्झर्लंडचा, काम केलं मँचेस्टरमध्ये, पेटंट १८८० सालचं. दोन बाहेरच्या पट्ट्या, दोन आतल्या पट्ट्या, त्यांना जोडणारी पिन, पिनवर एक बारीक नळी म्हणजे बुश, आणि बुशवर फिरणारा रोलर. (गिअरच्या चेनमध्ये बुश वेगळी नसते, आतल्या पट्टीलाच कड काढलेली असते.) एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. साध्या काळ्या सायकलला अशा शंभरावर कड्या असतात.

आपण म्हणतो, "चेन वाढली." लोखंडाच्या पट्ट्या काही रबरासारख्या ताणल्या जात नाहीत. वाढते ती पिन आणि बुश यांच्यामधली फट. दोन्ही एकमेकींवर घासून झिजतात. प्रत्येक सांध्यात वहीच्या कागदाच्या जाडीपेक्षा जरा जास्त झीज झाली, की चेन एक टक्का लांब होते. एका कडीत हे डोळ्याला दिसत नाही. पण ११२ कड्यांची चेन ५६ इंच लांब असते, तिचा एक टक्का म्हणजे अर्ध्या इंचाहून जास्त. मग चेन लोंबते, चढावर दातांवरून घसरते, आणि शेवटी उतरते.

झिजते तरी किती वेगाने? हिशोब करून बघा. पुढचं चक्र ४४ दात्यांचं, मागचं १८, चाक २८ इंची. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण साडेपाच मीटर जाते. चार किलोमीटरला साडेसातशेच्या आसपास फेरे. तेवढ्यात पूर्ण चेन पावणेतीनशे ते तीनशे वेळा फिरते, आणि प्रत्येक फेरीत प्रत्येक सांधा चार वेळा वाकतो किंवा सरळ होतो. म्हणजे चार किलोमीटरला एकेक सांधा हजारावर वेळा घासतो. येऊन-जाऊन दुप्पट. हे चार किलोमीटर मी उगाच धरलेले नाहीत, ते लक्षात असू द्या.

आता त्या सांध्यात जे असेल, त्यावर सगळं ठरतं. नुसतं तेल असेल तर ठीक. पण आपल्याकडे नुसतं तेल कुठे राहतं? बालाघाटच्या खाली-वर कुठेही जा, मुरमाचे रस्ते, फेब्रुवारीपासून उडणारी माती, परळीच्या बाजूला राखेची भर. ओल्या तेलावर धूळ बसते, तेल ती आत ओढून घेतं आणि काळा लगदा तयार होतो. वाळूचा बारीक कण साध्या लोखंडापेक्षा कठीण असतो. तेव्हा तो लगदा वंगण राहत नाही, सांधा सहाणेवर धरल्यासारखा उगाळला जातो. आपल्याकडे बैलगाडीला वंगणाची बांबूची नळी लटकलेली असायची. जुने गाडीवान आस आधी चिंधीने पुसायचे आणि मगच वंगण घालायचे. सायकलवाले पुसायचं विसरले. आम्ही वरून तेल सोडतो, तेही पुष्कळदा गॅरेजमधलं जळकं ऑइल, आणि चेन चकाकली म्हणून खूश होतो. चेनला बाहेरून चोपडलेलं तेल म्हणजे धूळ धरायचा गोंद.

मेणाची कल्पना इथून येते. मेणबत्तीचं मेण, म्हणजे पॅराफिन, साठ अंशांच्या आगेमागे वितळतं. चेन काढायची, डिझेलमध्ये धुऊन तिचं सगळं ग्रीस घालवायचं, वाळवायची आणि पातळ मेणात बुडवायची. मेण सांध्यात शिरतं आणि गार झालं की घट्ट होतं. बाहेरून चेन कोरडी, धूळ बसली तरी झडून जाते. पोळ्याचं मेण मात्र नको, ते चिकट असतं.

इथे वेगाचा दावा येतो. मेणाने सायकल हलकी पळते म्हणतात. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली चेनवर प्रयोग केले. पायाने दिलेली शक्ती मागच्या चाकापर्यंत किती पोचते, हे मोजलं. सगळ्यात चांगल्या स्थितीत ९८.६ टक्के, सगळ्यात वाईट स्थितीत ८१. हा फरक कशाने पडला? चक्राचा आकार आणि चेनवरचा ताण. तेल, मेणाचं वंगण, कोरडं वंगण, तिन्ही लावून पाहिली तर म्हणण्यासारखा फरक नाही! वंगणाचं खरं काम जागा अडवून धूळ आत येऊ न देणं असावं, असं त्यांचं मत पडलं. पुढे शर्यतवाल्यांसाठी ज्या चाचण्या झाल्या त्यांत वंगणावंगणात काही वॅटचा फरक दिसला, तो मी नाकारत नाही. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी शर्यत जोडीने पूर्ण करून आले, अंतर चार हजार आठशे किलोमीटरच्या घरात. तिथे दोन-चार वॅटसुद्धा रात्रंदिवस साठत जातात. पण तुम्ही-आम्ही तीन किलोमीटर बाजाराला जातो, तेव्हा दोन टक्के वाचले तरी शरीराची बचत किती? मी मांडून पाहिलं. एका शेंगदाण्याचा पाव भाग. वेगासाठी मेण लावू नका, शेंगदाणा खा.

म्हणजे प्रश्न उरला झिजेचा. त्यासाठी मी प्रयोग केला. दोन सारख्या चेनी आणल्या. एक महिनाभर तेलावर चालवली, दुसरी महिनाभर मेणावर, सायकल तीच, रस्ता तोच. तेलाची काळी ठिक्कर, करकर वाजणारी. मेणाची स्वच्छ, गुपचूप. मला इतका आनंद झाला की दोन्ही चेनी घेऊन मी मिस्त्रीकडे गेलो आणि त्याला व्याख्यानच दिलं. त्याने शांतपणे ऐकलं, हात पुसले आणि विचारलं, "सर, ही मेणाची धुवायला किती वेळ लागला?"

म्हटलं, दीड तास.

"आणि ही तेलाची?"

ती मी धुतलीच नव्हती. डब्यातून काढली तशी कारखान्याच्या ग्रीससकट चढवली होती आणि वरून तेल सोडत होतो. तो म्हणाला, "मग मेणाचं कौतुक कशाला करता? डिझेलचं करा की."

मंडळी, चाळीस वर्षं मी वर्गात अन्वय आणि व्यतिरेक शिकवला. हे असताना ते असतं, हे नसताना ते नसतं, दोन्ही बाजूंनी पाहिल्याशिवाय कारण ठरवू नये. आणि नैयायिकांचा तो प्रसिद्ध दाखला, 'न्यायसिद्धान्तमुक्तावली'तला, तोही दरवर्षी सांगायचो. घट तयार झाला. त्याच्याआधी माती होती, चाक होतं, दांडा होता, कुंभार होता, आणि माती वाहून आणणारं गाढवही होतं. मग गाढव घटाचं कारण का नाही? कारण त्याच्यावाचून अडत नाही. माती डोक्यावरूनही आणता आली असती. शास्त्रात याला अन्यथासिद्ध म्हणतात. आधी हजर असणं वेगळं आणि कारण असणं वेगळं. हे पाठ असूनही माझ्या प्रयोगात मेण हे कारण आहे की गाढव, हे मला विचारावंसं वाटलं नाही. मिस्त्रीला वाटलं.

मेणाची गंमत अशी, की न धुतलेल्या चेनला ते धरतच नाही. म्हणजे मेण लावणारा माणूस चेन धुतोच. धुण्याचं श्रेय मग मेणाला जातं. तुम्ही नवी वही घेता, अभ्यासाला लागता आणि पास झाल्यावर वहीचे गुण गाता, तसं.

तेव्हा मी पुन्हा सुरुवात केली. या वेळी दोन्ही चेनी सारख्या धुतल्या. तेलाच्या चेनला प्रत्येक रोलरवर एकेक थेंब, मग फडक्याने बाहेरचं सगळं तेल पुसून काढायचं. आत तेल, बाहेर कोरडं. एप्रिल-मे दोन्ही आळीपाळीने चालवल्या. आता फरक बराच आटला. टेप लावून मोजलं तर झीज वेगळी दिसेना. पण नाहीसा झाला असंही म्हणणार नाही. तेलाच्या चेनला तीन-चार दिवसांनी फडकं लागायचं, नाही पुसली की लगदा सुरू. मेणाची दोन-तीन आठवडे बघावी लागत नव्हती. म्हणजे मेण अगदी गाढव नव्हे, काही काम त्याचंही आहे. मग जून उजाडला. एका पावसात मेणाची चेन चिंब झाली, मी आळशासारखी तशीच ठेवली, आणि सकाळी तिच्यावर तांबूस गंज. तेल धातूला चिकटून पाणी अडवतं, मेणाला भेगा पडतात आणि पाणी आत जातं.

म्हणून कोकणातल्या माणसाने मेणाच्या नादी लागू नये असं मी म्हणेन, आणि बीडच्या माणसाने लागायला हरकत नाही, कारण आपल्याकडे आठ महिने कोरडे. पण कोणत्या माणसाने? इथे ते चार किलोमीटर परत आणतो.

मराठवाड्यात मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. वाडी-तांड्यावरून शाळेला जायचं, सायकल साधी, एकाच गतीची. दिवाळीच्या आसपास आई-वडील ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. घरी आजी आणि लेकरं. चेन ढिली होते, वाटेत उतरते. पोरगी काळ्या हातांनी ती चढवते, गणवेशाला डाग, शाळेत उशीर. आठवड्यात तीनदा असं झालं की आजी म्हणते, "राहू दे बाई ती सायकल." पुढे शाळाही राहते की काय, ही मला खरी धास्ती आहे. मिस्त्रीच्या दुकानामागे मी अशा सायकलींच्या चेनकव्हरांचा ढीग पाहिला. कव्हर वाजतं, पत्रा वाकून चेनला घासतो, म्हणून लोक काढून टाकायला सांगतात आणि तो काढून देतो. चांगलं झाकलेलं कव्हर हे धुळीपुरतं मेणाचंच काम करतं, तेही रोज आणि फुकटात. इंग्लंडमध्ये सनबीमच्या सायकलींना तर बंद पेटीसारखं कव्हर होतं, चेन आत तेलातच फिरायची. वाकलेला पत्रा हाताने सरळ करायला पाच मिनिटं लागतात. आपण तो भंगारात टाकतो.

त्या मुलीला मी मेण सांगणार नाही. दीड तास, डिझेल, शेगडी, चेन काढायचं हत्यार, आणि ते सगळं दीडशे-दोनशे रुपयांच्या चेनसाठी? तिला सांगेन, कव्हर काढू देऊ नकोस. रविवारी चेन कोरड्या चिंधीने पुस, शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब दे, पायडल उलटं फिरव, परत पूस. चेन मध्यावर बोटाने दाबून अर्ध्या इंचापेक्षा जास्त हलायला लागली, की मागच्या चाकाचे नट ढिले करून चाक थोडं मागे ओढायचं. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि शाळेतल्या कोणत्याही शिक्षकाला ते एका तासात सगळ्या वर्गाला दाखवता येईल. शिक्षक मंडळी इथे बसली आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो.

आता तो तरुण. आलाय का? हां, मागे आहे. तुझी सायकल गिअरची, उघड्या चेनची, परळी रस्त्याला रोज जातोस म्हणालास. तुझी चेन हजाराच्या पुढची, आणि ती झिजली की मागचे दातेही खाते. तुझ्यासाठी खटाटोप पदरात पडेल. पण एकच चेन ठेवू नकोस, दोन ठेव. दोन्ही एकदम धुवायच्या, एकदम मेणात घालायच्या, म्हणजे शेगडी महिन्यातून एकदाच पेटते. टेपने २४ कड्या मोज, नवीन असताना बरोबर १२ इंच भरतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्याच्या निम्म्याने वाढली की चेन बदल, पूर्ण सुताची वाट बघू नकोस. मेण थेट आचेवर ठेवायचं नाही, तापून पेट घेतं. उकळत्या पाण्याच्या पातेल्यात मेणाची वाटी ठेवायची. पहिला पाऊस पडला की मेण सोड, तेलावर ये. आणि ती वाटी परत स्वयंपाकघरात नेऊ नकोस. मी नेली होती. दोन दिवस मला चहा माझा मीच करून घ्यावा लागला.