अठरा वर्षांनंतरचं माहेर

डोंबिवलीतला पंचवीस वर्षांचा मुलगा आईच्या हातचा डबा घेऊन सकाळची फास्ट लोकल पकडतो. त्याला कुणी परावलंबी म्हणत नाही. नोकरी सुटली तर तो चार महिने घरी बसतो, पगार पुरला नाही तर वडील हात देतात. लग्न ठरलं की सोसायटीतलीच दुसरी खोली बघायला सुरुवात होते. आपल्याकडे स्वावलंबन असं हप्त्याहप्त्यानं येतं. अपवाद बालगृहात वाढलेल्या मुलांचा. ती मोठी कधी होणार, ते त्यांच्या फाइलवर तारखेनिशी लिहिलेलं असतं.

बाल न्याय अधिनियम २०१५ हा १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. त्यानुसार संस्थेतला मुक्काम अठरापर्यंत. पुढे एकविसाव्या वर्षापर्यंत ‘अनुरक्षण’, म्हणजे निवारा, शिक्षण आणि कामधंद्यासाठी आधार. अपवादात्मक परिस्थितीत आणखी दोन वर्षं. मिशन वात्सल्यच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत यासाठी दरमहा ४००० रुपयांची तरतूद आहे. त्याआधीच्या २००७च्या आदर्श नियमांत तर सहा-आठ तरुणांनी वस्तीतच एकत्र राहावं आणि त्यांना धरून ठेवणारा एक मार्गदर्शक असावा, अशी फार समंजस कल्पना होती. कागद वाईट नाही. वाईट आहे ते एवढंच, की सतरा वर्षं अकरा महिने होईपर्यंत त्या कागदाची आठवण सहसा कुणाला होत नाही.

ठाणे जिल्ह्यात मुलांचं सरकारी बालगृह भिवंडीत आहे, मुलींचं उल्हासनगरला. कल्याणसारख्या जंक्शनवर लांब पल्ल्याच्या गाड्यांतून पळून आलेली मुलं उतरतात. ठाण्यातल्या विजय जाधव यांचं समतोल फाउंडेशन अशा मुलांना स्थानकावर गाठतं, मामणोलीच्या केंद्रात काही काळ सांभाळतं आणि घरी पोचवतं. घर असेल आणि त्यात मार नसेल, तर याहून चांगला उपाय नाही. प्रश्न उरतो तो परत पाठवावं असं घरच नसलेल्यांचा. त्यातल्या काहींच्या वाट्याला दुसऱ्यांदा जखम येते, तीही सांभाळणाऱ्यांकडून. २०२५च्या एप्रिलमध्ये कल्याण तालुक्यातल्या खडवलीत विनापरवाना चाललेल्या आश्रमातून मुलांना सोडवून सरकारी बालगृहांत हलवावं लागलं.

अशा मुलांना ‘हाताला काम द्या’ म्हणणाऱ्यांची नजर साहजिकच ठाण्यातल्या वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीकडे वळते. १९६२ साली एमआयडीसीचा कारभार इथूनच सुरू झाला. शासकीय आयटीआय इथेच आहे. तिच्या नावानं चौक ओळखला जातो. मोठे कारखाने जाऊन काचेचे आयटी पार्क उभे राहिले, तरी सोळा नंबर, बावीस नंबर अशा आकड्यांच्या रस्त्यांलगत लेथ, छपाई, पॅकिंगचे गाळे तग धरून आहेत. फिटर किंवा वेल्डरचं प्रमाणपत्र असलेल्या पोराला इथे काम मिळतं.

पण ते टिकत नाही. माल बिघडला म्हणून फोरमन ओरडतो. इतर पोरं मान खाली घालून मनात शिव्या देतात आणि चहाच्या सुट्टीत विसरतात. दारू प्यायलेल्या बापाच्या आवाजावरून पुढचा फटका कधी बसणार हे ओळखायला जो चौथ्या वर्षी शिकला, त्याचं शरीर वेगळं ऐकतं. तो गोठतो, नाहीतर अंगावर जातो, नाहीतर दुसऱ्या दिवशी येतच नाही. मालक म्हणतो, आश्रमातली पोरं अशीच. अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या फेलिटी आणि अँडा यांच्या अभ्यासानं बालपणातल्या आघातांचा प्रौढपणीच्या आजारांशी आणि व्यसनांशी असलेला संबंध दाखवला. गाळ्यातला हा प्रसंग त्याचंच रोजचं रूप आहे. समुपदेशन हवं म्हणावं, तर इस्टेटच्या शेजारीच १९०१ पासूनचं मनोरुग्णालय. त्यामुळे ‘याला ठाण्याला न्यायला हवं’ हा टोमणा मुलांना आधीच पाठ असतो, आणि मनाच्या डॉक्टरचं नाव काढलं की ती बिथरतात.

बाकीच्या अडचणी साध्या दिसतात, पण त्याच पाय ओढतात. घंटेवर उठलेल्या, घंटेवर जेवलेल्या मुलानं कधी किलोभर तांदूळ विकत घेतलेला नसतो. पहिला पगार मोबाइल आणि मित्रांच्या पार्टीत जातो. रांगेनं झोपायची सवय असलेल्याला एकट्याच्या खोलीत रात्रभर डोळा लागत नाही. मुलींच्या बाबतीत पहिला गोड बोलणारा माणूसच सुटका वाटतो, आणि संस्थांनाही लग्न लावून दिलं की जबाबदारी संपल्यासारखं वाटतं. इस्टेटलगतच्या किसननगरात खोली घ्यायची तर भाड्याआधी डिपॉझिट लागतं, करार लागतो, आणि ‘गाव कुठलं?’ या प्रश्नाचं उत्तर लागतं.

कागदपत्रांच्या बाबतीत महाराष्ट्रानं एक पाऊल आधी टाकलं, हे मान्य केलं पाहिजे. अनाथाश्रमात वाढलेल्या अमृता करवंदे स्पर्धा परीक्षेत गुण मिळवूनही प्रमाणपत्राअभावी अडकल्या. त्यांनी पाठपुरावा केला आणि २०१८ साली राज्यानं अनाथांसाठी शिक्षण व सरकारी नोकरीत एक टक्का आरक्षण आणलं. त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागतं. ते संस्थेत असतानाच काढलं तर बरं. बाहेर पडलेल्याला जुनी फाइल शोधत फिरावं लागतं.

अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकर यांनी हा अठराचा उंबराच मानला नाही. बेवारस दिव्यांग मुलांना त्यांनी आपलं आडनाव दिलं, मोठी झाल्यावरही ठेवून घेतलं, आणि असंच सर्वांना राहू द्या म्हणून सरकारकडे वर्षानुवर्षं मागणी लावून धरली. त्यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी त्यांची दृष्टिहीन मानसकन्या माला एमपीएससीची परीक्षा उत्तीर्ण झाली. अनाथांच्या माई सिंधुताई सपकाळ यांच्या लेकीही लग्नानंतर माहेरपणाला माईकडेच येत. ही दोन्ही उदाहरणं व्यक्तींच्या बळावर उभी राहिली, आणि तीच त्यांची मर्यादा. इंग्लंडमध्ये हे काम कायद्यावर सोपवलेलं आहे: संस्थेतून बाहेर पडलेल्या तरुणाला पंचविसाव्या वर्षापर्यंत नेमून दिलेला सल्लागार मागता येतो.

माझ्या मते आपल्या तयारीची दिशा चुकते ती इथेच. आपण मुलाला कौशल्य देतो, शिलाई मशीन देतो, संगणकाचा कोर्स देतो, आणि एकट्यानं जगायला पाठवतो. त्याला शिकायचं असतं ते दुसऱ्यावर विसंबायला. पंधराव्या वर्षापासून महिन्याचा बाजार त्यानं करावा, सतराव्या वर्षी बालगृहात नाव असतानाच चार जणांत खोली घेऊन राहून पाहावं. नोकरी गेली तर पंधरा दिवस परत येता यावं, दिवाळीला जेवायचं ताट ठरलेलं असावं. आणि फोन उचलणारा एक माणूस असावा. अधीक्षकाची बदली होते, म्हणून तो संस्थेबाहेरचा हवा: आयटीआयमधला निदेशक, एखादा गाळामालक, किंवा त्याच बालगृहातून चार-पाच वर्षांपूर्वी बाहेर पडून तगलेला थोरला मुलगा. हा शेवटचा माणूस सर्वांत स्वस्तात मिळतो, फोरमनचं ओरडणं कसं गिळायचं हे त्यालाच ठाऊक असतं, आणि का कोण जाणे, त्यालाच कुणी विचारत नाही.