नवी पिकअप : डिझेल, पेट्रोल की सीएनजी?





मागच्या अंकात आम्ही नव्या पिकअपसाठी अर्पणाचे आवाहन केले होते. मंडळ्यांनी मनापासून प्रतिसाद दिला, त्याबद्दल देवाचे आणि आपले आभार. अर्पणांसोबत प्रश्नही आले. त्यांतला एक जवळजवळ प्रत्येक पत्रात होता : "सीएनजी एवढा स्वस्त आणि स्वच्छ असताना संस्था डिझेल गाडीचा विचार का करते?"

शहरात राहणाऱ्यांना हा प्रश्न पडणे साहजिक आहे. तिथल्या रिक्षा, टॅक्सी, टेम्पो सीएनजीवर चालताना आपण रोज पाहता. शिवाय गाडी आपल्या अर्पणातून येणार आहे. लूकच्या 14 व्या अध्यायात बुरूज बांधायला निघालेल्या माणसाने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभूने शिकवले. तो हिशेब आम्ही केला आहे आणि तो इथे मांडतो. आपल्यापैकी कोणी शेतीसाठी, दुकानासाठी किंवा मंडळीच्या कामासाठी गाडी घेणार असेल, तर त्यालाही यातून काही मिळेल.

गाडीचे काम काय?

आमचे केंद्र नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या डोंगरात आहे. किराणा, औषधे, बियाणे हे सारे खालच्या सपाटीवरून घाट चढून वर आणावे लागते. उन्हाळ्याच्या शेवटी महिला बचत गटांचा आमचूर आणि मोहफुले खाली बाजारात जातात. जून लागण्याआधी वसतिगृहाचे दोन महिन्यांचे धान्य वर पोहोचले पाहिजे, कारण पावसात दरड कोसळली की रस्ता किती दिवस बंद राहील ते सांगता येत नाही. दिवाळीनंतर अनेक भिल्ल आणि पावरा कुटुंबे ऊसतोडीला गुजरातकडे जातात. त्यांची मुले वसतिगृहात राहिली तरच त्यांची शाळा टिकते. मुले वाढली की पोती वाढतात.

म्हणजे भरलेली गाडी बहुतेक वेळा चढावर असते. इंधन ठरवताना ही पहिली गोष्ट लक्षात घेतली पाहिजे.

चढावर डिझेल का बरे पडते?

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दाबले जाते आणि स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटते. डिझेल इंजिनात स्पार्क प्लगच नसतो. तिथे हवा इतकी दाबली जाते की ती स्वतःच तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा आला की ते पेट घेते. पेट्रोल इंजिन हवा साधारण दहापट दाबते, तर डिझेल इंजिन सोळापट किंवा त्याहून जास्त. या जास्त दाबामुळे इंधनातली ऊर्जा अधिक कामी येते. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे दहा टक्के जास्त ऊर्जा असते. म्हणून ॲव्हरेज जास्त मिळते.

चढावर महत्त्वाची असते ती ओढ, म्हणजे टॉर्क. टर्बो असलेले डिझेल इंजिन कमी फेऱ्यांतच पूर्ण ओढ देते. पेट्रोल इंजिनाला तेवढ्या कामासाठी जास्त फेऱ्या घ्याव्या लागतात, म्हणून भरलेली पेट्रोल गाडी घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर ओरडत चढते आणि पेट्रोल पिते. सीएनजीवर चालणारे छोटे पिकअप मुळात पेट्रोल इंजिनाचेच असतात. गॅसवर त्यांची ताकद पेट्रोलपेक्षाही साधारण दहा टक्के कमी होते. गॅसच्या टाक्यांचे वजनही गाडीलाच वाहावे लागते.

सपाट रस्त्यावर, शहरातल्या शहरात दूध, भाजी, पार्सल वाटणाऱ्याला हा फरक फारसा जाणवणार नाही. घाटात मात्र एका फेरीचा माल दोन फेऱ्यांत न्यायची वेळ येऊ शकते.

पैशांचा हिशेब

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. सीएनजी स्वस्त आहे, हे खरे. महाराष्ट्र शासनाने 1 एप्रिल 2022 पासून त्यावरील मूल्यवर्धित कर 13.5 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर आणला. पण पंपावरचा दर आणि किलोमीटरचा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेट्रोल-डिझेल लिटरवर मिळते आणि सीएनजी किलोवर, म्हणून दरांची थेट तुलना होत नाही. दराला ॲव्हरेजने भागले की खरा आकडा मिळतो.

पुढचे आकडे हिशेब समजावा म्हणून सोपे धरले आहेत. आपण आपल्या पंपाचा दर आणि आपल्या गाडीचे ॲव्हरेज त्या जागी घालावे.

डिझेल : 91 रुपये लिटर, ॲव्हरेज 13, म्हणजे किलोमीटरला 7 रुपये.
पेट्रोल : 105 रुपये लिटर, ॲव्हरेज साडेदहा, म्हणजे किलोमीटरला 10 रुपये.
सीएनजी : 90 रुपये किलो, ॲव्हरेज 15, म्हणजे किलोमीटरला 6 रुपये.

गाडी आठवड्याला 350 किलोमीटर धावते असे धरू. वर्षाला 18,200 किलोमीटर झाले. डिझेलचा खर्च 1,27,400 रुपये, पेट्रोलचा 1,82,000 आणि सीएनजीचा 1,09,200. कागदावर सीएनजी जिंकला.

पण आम्हाला सर्वात जवळचा सीएनजी पंप घाटाखाली आहे. गॅसची टाकी एकदा भरली की 175 किलोमीटर जाते असे धरले, तर आठवड्याला दोनदा भरावी लागेल. एकदा बाजाराच्या फेरीला जोडून भरता येईल. दुसऱ्यांदा फक्त गॅससाठी घाट उतरून पुन्हा चढण्यात अर्थ नाही. मग उरलेले 175 किलोमीटर गाडी पेट्रोलवर चालेल. अर्धे अंतर 6 रुपयांनी आणि अर्धे 10 रुपयांनी, म्हणजे सरासरी 8 रुपये. वर्षाचे 1,45,600 रुपये होतात. डिझेलपेक्षा 18,200 रुपये जास्त, आणि चढावर ताकद कमी ती कमीच. जी रक्कम सीएनजीने वाचेल असे वाटत होते, तेवढीच उलट जास्त जाते. फरक फक्त पंपाच्या अंतराने पडला. हाच पंप आमच्या दाराशी असता, तर निदान पैशांच्या हिशेबात सीएनजी पुढे गेला असता.

दुसरी बाजूही पाहू. डिझेल गाडी विकत घेताना महाग पडते. तशाच पेट्रोल गाडीपेक्षा ती एक लाखाने महाग आहे असे धरले, तर किलोमीटरमागे 3 रुपये वाचवत तो लाख भरून निघायला सुमारे 33,000 किलोमीटर लागतात. आमच्या धावण्याने ते दोन वर्षांच्या आत होईल. पण एखाद्या मंडळीची गाडी महिन्याला 500 किलोमीटरच धावत असेल, तर साडेपाच वर्षे लागतील. शिवाय डिझेल इंजिनाचे इंजेक्टर, पंप यांची दुरुस्ती महाग असते. कमी धावणाऱ्या गाडीसाठी डिझेलचा हट्ट धरू नये.

धुराचे काय?

एका भगिनीने लिहिले, "वसतिगृहात लहान मुले आहेत, डिझेलचा धूर त्यांना चालेल का?" हा प्रश्न या साऱ्या पत्रव्यवहारात मला सर्वात मोलाचा वाटला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये डिझेलचा धूर माणसात कर्करोग निर्माण करणारा असल्याचे जाहीर केले. सीएनजीच्या धुरात काजळीचे कण फारच कमी असतात. या बाबतीत सीएनजी उजवा आहे आणि ते मान्य केले पाहिजे.

1 एप्रिल 2020 पासून देशात बीएस-6 मानकांच्याच नव्या गाड्या विकल्या जातात. त्यामुळे नव्या डिझेल गाडीच्या धुराच्या वाटेवर एक गाळणी असते, तिला डीपीएफ म्हणतात. ती काजळी अडवते. काजळी साठली की गाडी ती आतल्या आत जाळून टाकते, पण त्यासाठी गाडी काही वेळ न थांबता बऱ्या वेगाने धावावी लागते. सतत दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्या मारल्या तर गाळणी तुंबते, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गॅरेजचा खर्च उभा राहतो. आमची गाडी दर आठवड्याला बाजारासाठी सपाटीच्या मोठ्या रस्त्यावर जाते, तेव्हा हे काम होऊन जाईल. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीला ही सोय नाही. डिझेल न घेण्याचे तेही एक कारण आहे.

गाळणी असली तरी आम्ही नियम केला आहे : वसतिगृहाच्या अंगणात इंजिन चालू ठेवून गाडी उभी करायची नाही. माल उतरवताना इंजिन बंद.

सुरक्षिततेच्या चार गोष्टी

सीएनजी सुमारे 200 बार दाबाने टाकीत भरलेला असतो. त्या टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी करून घ्यावी लागते. जुनी सीएनजी गाडी घेताना तपासणीचे प्रमाणपत्र आधी पाहावे. गॅस किट कंपनीने बसवलेले असेल तर उत्तम. बाहेरून बसवले असेल तर आरसी बुकात त्याची नोंद हवी.

घरगुती गॅसच्या सिलिंडरमधून गाडीत गॅस भरण्याचा उद्योग काही ठिकाणी चालतो. तो बेकायदेशीर आहे आणि जिवावर बेतणारा आहे. सीएनजी हवेपेक्षा हलका असल्याने गळला तर वर निघून जातो. स्वयंपाकाचा गॅस जड असतो, तो जमिनीलगत साठतो आणि एका ठिणगीने भडकतो.

डिझेल गाडीला स्पार्क प्लग नसतो म्हणून ती पाण्यातून कशीही जाते, असा समज आमच्या भागात आहे. हवेच्या वाटेने पाणी आत शिरले तर कोणतेही इंजिन मोडते. ओढ्याला पूर आला की थांबायचे, इंधन कोणतेही असो.

आणखी एक : पिकअप मालासाठी आहे. मागच्या हौद्यात माणसे बसवणे कायद्याने मना आहे, आणि अपघात झाला तर विम्याची भरपाई मिळवताना अडचण येते. लग्नाला, बाजाराला पाड्यावरचे लोक विनवतात, तेव्हा नाही म्हणणे जड जाते. तरीही नाहीच म्हणायचे, हे आमच्या ड्रायव्हरबंधूंना सांगितले आहे. आजाऱ्यासाठी 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवायची.

आमचा निर्णय

हे सारे पाहून कार्यकारिणीने नवी डिझेल पिकअप घेण्याचे ठरवले आहे. भरलेला माल, रोजचा चढ, घाटाखालचा गॅस पंप आणि वर्षभराचे धावणे, ही त्याची चार कारणे. यांतले पंपाचे कारण उद्या बदलू शकते. म्हणून पुढच्या गाडीच्या वेळी हा हिशेब पुन्हा नव्याने करू.

आपण स्वतः गाडी घेणार असाल, तर शोरूममध्ये जाण्याआधी कागदावर पाच उत्तरे लिहा : महिन्याला किती किलोमीटर? वजन किती? रस्ता सपाट की चढाचा? गॅसचा पंप किती लांब? त्या गाडीचा मेकॅनिक आणि सुटे भाग जवळ मिळतात का? सपाटी, जवळ पंप आणि भरपूर धावणे असेल तर सीएनजी. थोडे धावणे असेल तर पेट्रोल. चढ, वजन आणि भरपूर धावणे असेल तर डिझेल. ॲव्हरेजचे आकडे जाहिरातीतून न घेता तीच गाडी चालवणाऱ्या दोन-तीन ड्रायव्हरांना विचारा.

गाडी आल्यावर तिची लॉगबुक ठेवली जाईल आणि पहिल्या सहा महिन्यांचा डिझेलचा खरा खर्च याच पत्रिकेत छापू. वर धरलेल्या सात रुपयांशी तो ताडून पाहता येईल. घाटातल्या रस्त्यावर ड्रायव्हरबंधूंच्या रक्षणासाठी आणि पावसाआधी धान्य वर पोहोचावे यासाठी आपल्या कौटुंबिक प्रार्थनेत आमची आठवण ठेवा.

ख्रिस्ताच्या सेवेत आपला बंधू