पृथ्वीचा आकार : फोटोतला आणि मोजलेला

गेल्या पावसाळ्यात शेजारचा सातवीतला मुलगा मोबाईलवर एक चित्र घेऊन माझ्याकडे आला. बटाट्यासारखा वेडावाकडा गोळा, जागोजागी टेंगळे आलेली, कुठे निळा तर कुठे तांबडा. खाली मजकूर असा की, समुद्राचे पाणी काढून टाकले तर पृथ्वी खरी अशी दिसते. मुलाने विचारले, "आजोबा, पुस्तकात संत्र्यासारखी लिहिलंय, फोटोत चेंडूसारखी दिसते, आणि हा तर बटाटा. खरं कोणतं?" तेव्हा मी त्याला काहीतरी सांगून वेळ मारून नेली. तो मुलगा आज मागच्या रांगेत बसला आहे, म्हणून ते उत्तर आता पुरे करतो.

आधी फोटोचे पाहू. बातम्यांत रोज ढगांचे चित्र दाखवतात, ते आपल्या इन्सॅट मालिकेतल्या उपग्रहांनी घेतलेले असते. विषुववृत्ताच्या वर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर हे उपग्रह असतात. तेवढ्या लांबून पृथ्वीची सारी तबकडी एका नजरेत मावते. 7 डिसेंबर 1972 रोजी अपोलो 17 च्या अंतराळवीरांनी चंद्राकडे जाताना घेतलेला निळ्या पृथ्वीचा प्रसिद्ध फोटोही असाच लांबून, सुमारे 29,000 किलोमीटरवरून घेतलेला आहे. अंतराळस्थानक मात्र जेमतेम 400 किलोमीटरवर फिरते. तिथून चहूकडे साधारण 2,300 किलोमीटरपर्यंतचेच दिसते, पुढचे क्षितिजाखाली जाते. म्हणून एका फोटोत एखादा खंड अर्धी पृथ्वी व्यापतो आणि दुसऱ्या फोटोत तोच खंड लहान दिसतो. यात लबाडी नाही. भिंतीवरचे कॅलेंडर नाकाशी धरले तर एकच तारीख दिसते, तसेच हे आहे.

मग इथे रस्त्यावर उभे राहिलो की जमीन सपाट का दिसते? भास्कराचार्यांनी 1150 साली पुऱ्या केलेल्या ग्रंथातल्या गोलाध्यायात याचे उत्तर दिले आहे. वर्तुळाच्या घेराचा शंभरावा भाग पाहणाऱ्याला सरळच वाटतो. पृथ्वीचा घेर 40,000 किलोमीटर धरला तर शंभरावा भाग 400 किलोमीटर, म्हणजे इचोड्याहून हैदराबादच्याही पलीकडे. एवढे तर आपल्याला एका जागी उभे राहून कधीच दिसत नाही. आठशे-नऊशे वर्षांपूर्वी फोटो नव्हता, तरी गोलाई जाणकारांना ठाऊक होती.

आता संत्रे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, म्हणून मध्ये किंचित फुगलेली आणि ध्रुवांकडे किंचित दबलेली आहे, हे खरे. पण किती? विषुववृत्तावरचा व्यास 12,756 किलोमीटर, ध्रुवांमधला 12,714. फरक जवळजवळ 43 किलोमीटर, म्हणजे सुमारे तीनशेवा भाग. शाळेत 30 सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल असतो, तो अगदी बरोबर बनवायचा ठरवला तर वरून-खालून मिळून एक मिलिमीटर दाबावा लागेल. कारखानदार तसे करत नाही आणि केले तरी कुणाच्या लक्षात येणार नाही. नागपूरचे कोणतेही संत्रे याच्या कितीतरी पट जास्त चपटे असते. पुस्तकातली उपमा दिशा बरोबर दाखवते, माप चुकवते. पृथ्वीचा उत्तमातला उत्तम फोटो समोर ठेवला तरी हा चपटेपणा नुसत्या डोळ्याला दिसत नाही.

शनीचा दिसतो. त्याचा फोटो घेऊन पट्टीने मोजा. आडवा व्यास दहा बोटे भरला तर उभा नऊ बोटेच भरेल. शनी वायूचा प्रचंड गोळा आहे आणि साडेदहा तासांत स्वतःभोवती फिरून येतो. गुरूही तसाच, पंधरा भागांत एक भाग चपटा. उलट शुक्राला एका फेरीला 243 दिवस लागतात, म्हणून तो जवळजवळ पुरता गोल.

आणि खराखुरा बटाटाही आकाशात आहे. मंगळाचा चंद्र फोबोस. आपल्या मंगळयानावरच्या कॅमेऱ्याने 1 जुलै 2020 रोजी त्याचा फोटो घेतला होता. हा कॅमेरा अवघा सव्वा किलोचा! फोबोस एका बाजूने 27 किलोमीटर तर दुसऱ्या बाजूने 18. त्याच्या दगडमातीचा भार इतका थोडा की तिला चारी बाजूंनी ओढून गोळा करायला त्याचे गुरुत्वाकर्षण पुरत नाही. पृथ्वीएवढ्या गोळ्याला बटाटा होऊन राहताच येत नाही, तो आपल्याच वजनाने गोल होतो.

मग पृथ्वीचा तो तीनशेवा भाग कुणी आणि कसा ओळखला? इथे आपला उत्तरेकडचा रस्ता कामाला येतो.

ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर, तितका त्या गावाचा अक्षांश. इचोड्यात तो साडेएकोणीस अंशांच्या आसपास दिसतो, हिंगणघाटला साडेवीसच्या. उत्तरेकडे किती चाललो की तारा एक अंश चढतो, ते मोजायचे. पृथ्वी अगदी गोल असती तर हे अंतर सगळीकडे सारखे भरले असते. ध्रुवांकडे दबलेली असेल तर उत्तरेकडचा अंश लांब भरला पाहिजे. न्यूटनने ती दबलेली असणार असे गणिताने सांगितले होते, फ्रान्समधले काही विद्वान नेमके उलटे म्हणत. 1730 च्या दशकात फ्रेंचांनी पेरूला आणि लॅपलँडला माणसे पाठवून मोजणी केली, आणि न्यूटनचे खरे ठरले. पण नक्की किती दबलेली, हे बाकी होते.

ते मोजायला विल्यम लॅम्ब्टन निघाला. 10 एप्रिल 1802 रोजी त्याने मद्रासजवळ सुमारे 12 किलोमीटरची पहिली रेघ साखळीने मोजायला घेतली. तेवढ्याला 57 दिवस लागले. मग टेकड्या आणि देवळांची गोपुरे धरून त्रिकोणामागून त्रिकोण जोडत, अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट माणसांच्या खांद्यावरून वाहत तो निजामाच्या मुलखातून वऱ्हाडापर्यंत आला. साखळी धरणारे, झेंडे घेऊन टेकडीवर बसणारे, जंगलातल्या तापाने गेलेले, हे सगळे इकडचेच लोक. त्यांची नावे राहिली नाहीत. हैदराबादहून नागपूरकडे जाताना 20 जानेवारी 1823 रोजी लॅम्ब्टन हिंगणघाटला वारला. त्याचे थडगे तिथेच आहे. आपल्याला ते गाव कापसामुळे ठाऊक, पृथ्वीच्या आकाराच्या इतिहासातही त्याचे नाव आहे हे कमी लोकांना माहीत असेल.

पुढचे काम जॉर्ज एव्हरेस्टने मसुरीच्या पायथ्यापर्यंत नेले. कन्याकुमारीजवळ एक अंश 110.6 किलोमीटर, तर मसुरीच्या बाजूला त्याहून अडीचशे मीटर जास्त. एवढ्याशा फरकासाठी दोन पिढ्या गेल्या. एव्हरेस्टने 1830 साली चपटेपणा काढला तो 301 भागांत एक. आज उपग्रह सांगतात 298 भागांत एक. आकाशातून पृथ्वीचा एकही फोटो निघाला नव्हता तेव्हाची ही गोष्ट!

आणि त्या बटाट्याचे मूळही याच मोजणीत आहे. सिरोंजजवळचे कल्याणपूर आणि उत्तरेकडचे कलियाना, या दोन ठाण्यांमधले अंतर त्रिकोणांनी एक येई आणि ताऱ्यांनी दुसरे. तफावत दीडशे मीटरांच्या थोडी वर. ताऱ्यांचे माप ओळंब्यावर अवलंबून असते, आणि हिमालय ओळंब्याला आपल्याकडे ओढत होता. गवंडी भिंतीसाठी धरतो तोच ओळंबा. म्हणजे 'खाली' ही दिशासुद्धा सगळीकडे अगदी पृथ्वीच्या मध्याकडे नसते. कुठे जमिनीच्या पोटात वजन जास्त, कुठे कमी, त्याप्रमाणे समुद्राची शांत पातळीही वरखाली होते. सगळ्यांत खोल जागा श्रीलंकेच्या दक्षिणेला आहे, तिथे ही पातळी 106 मीटर खाली आहे. जहाजावरच्या माणसाला उतार मुळीच जाणवत नाही, कारण पाणी आणि ओळंबा दोन्ही एकत्रच झुकतात. ही शंभर मीटरची उंचसखलता डोळ्याला दिसावी म्हणून शास्त्रज्ञ ती हजारो पट फुगवून रंगवतात. मोबाईलवर फिरतो तो हा नकाशा. तो फोटो नाही, आणि पाणी काढलेली पृथ्वीही नाही. तो खोटा नाही, त्याच्याखालचा मजकूर खोटा आहे.

तेव्हा बाळा, संत्रे जास्त चपटे, बटाटा फुगवलेला, आणि चेंडू बराचसा खरा. पण माझ्या शब्दावर विसंबू नकोस. संक्रांतीनंतर तू मामाकडे हिंगणघाटला जातोस ना? कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोरा आणि खडा बांध. त्याची सरळ कड ध्रुवताऱ्यावर रोख आणि दोरा नव्वदच्या रेघेपासून किती सरकला ते वहीत लिही. आधी इथे गच्चीवरून, मग तिकडे. वेळ दोन्हीकडे एकच ठेव, कारण ध्रुवतारा नेमका ध्रुवावर नाही, अर्ध्या अंशाहून थोडा जास्त बाजूला आहे. हात स्थिर राहिला तर फरक कोनमापकावरच्या एका बारीक रेघेएवढा येईल. पहिल्या खेपेला नाही आला, तर परत मोज.