न लपणारा शिपाई

फील्डक्राफ्टच्या तासाला आम्हां कॅडेट्सना पहिला धडा मिळतो तो लपण्याचा. तोंडाला काळे फासा, हेल्मेटला पाला खोचा, चमकणारी प्रत्येक वस्तू झाका. थायलंडच्या चुनखडीच्या डोंगरांत राहणारा एक जीव मात्र नेमके उलटे करतो. अंगावर भडक गुलाबी रंग घेऊन तो दिवसाढवळ्या पालापाचोळ्यावर उघड फिरतो.

हा ड्रॅगन मिलिपीड; त्याच्या प्रजातीचे नाव डेस्मोक्सिटीस. पावसाळ्यात दिसणारा, हात लावताच नाण्यासारखी गुंडाळी करणारा आपला ‘पैसा’ किंवा ‘वाणी’ याचा दूरचा भाऊबंद. पैशाचे अंग नळीसारखे गोल असते, याची पाठ सपाट. वलयांच्या दोन्ही कडांना काटेरी पंखांसारखे फाटे फुटलेले असतात, म्हणून तो ड्रॅगन. यातल्या गुलाबी जातीचे वर्णन शास्त्रज्ञांनी २००७ साली केले. लांबी जेमतेम ३ सेंटिमीटर.

मग एवढा भडक रंग कोणासाठी? जोडीदारासाठी नक्कीच नाही, कारण सपाट पाठीच्या मिलिपीडांना डोळेच नसतात. आपण गुलाबी आहोत हे त्याला स्वतःलाही दिसत नाही. हा रंग आहे डोळे असलेल्या शत्रूसाठी.

कारण या छोट्या शिपायाजवळ दारूगोळा आहे. त्याच्या शरीरातल्या ग्रंथींना दोन कप्पे असतात. एकात रसायन, दुसऱ्यात ते फोडणारे विकर. हातबॉम्ब आणि डेटोनेटर वेगळे ठेवतात, तशीच ही व्यवस्था. शत्रूने डिवचले की मधली झडप उघडते, दोन्ही मिसळतात आणि हायड्रोजन सायनाइड तयार होते. सोबत कडू बदामासारखा वास सुटतो. माणसाला घातक ठरावे एवढे हे विष नसते, पण लहान भक्षकाला चांगलाच धडा मिळतो.

परंतु शत्रूने चावा घेतल्यावर विष कामी येऊन काय उपयोग? तोवर आपणही जायबंदी झालेलो असतो. म्हणून इशारा आधी, मारा नंतर. शस्त्र आहे हे समोरच्याला वेळेवर कळले, तर पुष्कळदा लढाईच टळते.

सपाट पाठीचे मिलिपीड भारतातही आहेत. कॅम्पवर एखादा दिसला तर बुटाखाली चिरडू नका. तो गोमेसारखा चावत नाही. कुजका पाला खाऊन जंगलाची माती कसदार करतो. हातात घेतलाच, तर हात धुतल्याशिवाय डोळे चोळू नका.