क्रियापद आणि त्याचे अव्यय

‘वी डिस्कस्ड अबाउट द मॅटर’ असे विद्यार्थ्याने लिहिले, की ‘अबाउट’वर लाल रेघ ओढून शिक्षक पुढे जातात. ही चूक अज्ञानातून नव्हे, चांगल्या मराठीतून येते, असे माझे मत आहे. आपण एखाद्या विषयाविषयी चर्चा करतो. ‘डिस्कस’ला मात्र नुसते कर्म पुरते. (‘डिस्कशन’ या नामाला ‘अबाउट’ खुशाल चालते, हा आणखी एक घोळ.) तिच्याशी लग्न केले, म्हणून ‘मॅरीड विथ हर’, देवावर विश्वास, म्हणून ‘बिलीव्ह ऑन गॉड’. उलट, आपण आता व्याख्यान ऐकत आहात. मराठीत ‘व्याख्यान’ला प्रत्यय लागला नाही, ‘लिसन’चे मात्र ‘टू’वाचून चालत नाही.

अव्यय केवळ अर्थावरून ठरत नाही, ते क्रियापद ठरवते. मराठी माणूस वाघाला भितो. संस्कृतात भयाचे कारण पंचमीत जाते. पाणिनीने त्यासाठी स्वतंत्र सूत्रच रचले. इंग्रजी ‘फिअर’ला काहीच लागत नाही. वाघ तोच, भयही तेच.

म्हणून अव्ययांच्या सुट्या याद्या पाठ करून घेणे मला व्यर्थ वाटते. तर्खडकरांच्या भाषांतरमालेवर वाढलेल्या आमच्या पिढीला दोन्ही भाषांतील वाक्ये शेजारी ठेवण्याची सवय होती. वहीत ‘वेट’ एकटे लिहू नये. ‘वेट फॉर द बस’ लिहावे आणि समोर ‘बसची वाट पाहणे’. आपल्या षष्ठीच्या जागी तेथे ‘फॉर’ आलेले मग मुलाला स्वतःलाच दिसते.