दसऱ्याचा झेंडू, आषाढीची पेरणी

दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूचा भाव ऐकला की घरची फुलं असती तर, असं दरवर्षी वाटतं. पण त्याची तयारी आषाढीलाच व्हायला हवी. बी पेरल्यापासून फूल यायला दोन-अडीच महिने लागतात, शेंडा खुडला की थोडे दिवस आणखी. आषाढी एकादशी ते दसरा हे अंतर तीन महिन्यांचं, त्यामुळे हिशेब चोख बसतो. मध्ये अधिक महिना आला, तर पेरणी तेवढी पुढे न्यावी.

बी म्हणजे वाळलेल्या फुलातल्या सुईसारख्या काड्या. खालचं टोक काळं, वर फिकट कुसळं. तोरणातल्या फुलांचं बी पुष्कळदा पोचट निघतं, कारण ती पक्व होण्याआधीच खुडलेली असतात. त्यापेक्षा दोन-तीन फुलं झाडावरच वाळू द्यावीत. संकरित जातीचं बी मात्र धरू नये. पुढचं फूल तसंच येईल याची खात्री नसते.

रोप महिन्या-सव्वा महिन्याचं झालं की शेंडा खुडायचा. हात धजत नाही, पण बाजूच्या फांद्या त्यानेच फुटतात आणि फुलंही वाढतात. ऊन भरपूर हवं, पाणी साचता कामा नये. खताचा अतिलाड केला, तर नुसता पाला माजतो.

झेंडूची एक कुंडी ठेवली की बागेतली कीड पळते, हे मला पटत नाही. त्याच्या मुळांतलं अल्फा-टर्थिएनिल हे द्रव्य मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना मारक असतं, हे खरं. पण त्यासाठी अख्खा वाफा काही महिने झेंडूने दाट भरलेला हवा. टोमॅटोच्या शेतात तर 16 ओळींमागे 1 ओळ झेंडू लावतात, ती फळ पोखरणाऱ्या अळीच्या पतंगाने टोमॅटो सोडून झेंडूवर अंडी घालावीत म्हणून. थोडक्यात, तिथे झेंडू किडीला आवतण देतो! तेव्हा गच्चीवरच्या झेंडूची पानंही अधूनमधून उलटून पाहावीत.

दसरा झाल्यावर फुलं कचऱ्यात टाकू नका. पाकळ्या पाण्यात उकळून गाळा आणि तुरटीच्या पाण्यात आधी भिजवलेलं सुती किंवा रेशमी कापड त्यात टाका; छान पिवळं होतं. भांडं मात्र स्टीलचं घ्या, लोखंडी कढईत तोच रंग शेवाळी होतो.