घरातील मंद इंटरनेट : दोष कोठे शोधावा?

ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतूची तार नेण्याची सरकारी योजना 2011 साली मंजूर झाली. 2015 पासून तिला भारतनेट म्हणतात. गावापर्यंत तार येणे निराळे आणि घरात इंटरनेट नीट चालणे निराळे, हे ठाणाकुशनूरकडील आमच्या वाचकांस सांगावयास नको. हैदराबादेस नोकरीस असलेल्या मुलाचा चेहरा पडद्यावर थिजतो, शिष्यवृत्तीचा अर्ज शेवटच्या दिवशी अर्ध्यावर अडकतो, आणि मग कोणीतरी सुचवितो, "मोठा प्लॅन घ्या." दरमहा अधिक पैसे मोजण्यापूर्वी दोष बाहेरच्या तारेत आहे की घरात, एवढे पाहावे अशी आमची विनंती आहे.

राउटरला केबलने लॅपटॉप जोडून वेग मोजावा. लॅपटॉप नसल्यास इतर मोबाईल बंद ठेवून एकच मोबाईल राउटरपासून दोन हातांवर धरावा. तेथे वेग पुरेसा आणि मागच्या खोलीत नाही, असे दिसल्यास कंपनीला बोल लावू नये. अडथळा घरातलाच आहे. आपल्याकडील जुन्या माळवदाच्या घरांच्या दगडमातीच्या भिंती उन्हाळ्यात गारवा देतात खऱ्या, पण वायफायच्या लहरी त्याच अडवितात. त्यात पुष्कळ घरी राउटर लोखंडी कपाटामागे ठेवलेला असतो! तो मधल्या खोलीत, उंचावर, मोकळा ठेवावा. राउटरवर दोन नावे दिसत असल्यास 5 गिगाहर्ट्‌झचे जवळ बसून वापरावे. त्याचा वेग अधिक, पण भिंतीपलीकडे ते लवकर क्षीण होते. दूरच्या खोलीत 2.4 चे बरे.

एक हिशेब सांगून ठेवतो. 100 एमबीपीएस हे माप बिटांचे आहे, आणि आठ बिटांचा एक बाइट. म्हणून 100 मेगाबाइटची फाईल उतरण्यास किमान 8 सेकंद लागणारच. ती फसवणूक नव्हे.

यंत्रावर एल.ओ.एस. नावाचा तांबडा दिवा लागला, तर प्रकाश घरापर्यंत पोहोचतच नाही असे समजावे. तंतू कोठे दुमडला वा खिळ्याखाली दाबला आहे काय, एवढेच बाहेरून पाहावे. सुटलेल्या टोकात डोकावू नये, मुलांना तर मुळीच डोकावू देऊ नये. आतील लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

केबल जोडूनही वेग कमीच भरला, तर तीन-चार दिवस सकाळ-संध्याकाळचे आकडे वहीत टिपून मगच तक्रार करावी, आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा. दाद न लागल्यास कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते; तेथे हाच क्रमांक लागतो.